गाडी कंडम होते, तेव्हा नक्की काय जातं?

ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये इअरफोन लावूनही काही ऐकू येत नसेल, तर हे आजच्या भागाचं लिखित रूप. माझे 'अं' आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढून टाकल्यात. बाकी बोलणं जवळपास तसंच आहे.

आजचा प्रश्न असा. एखादी प्रसिद्ध रेल्वेगाडी बंद पडली. तिचे डबे इकडेतिकडे विखुरले, काही विकले गेले, काही यार्डात गंजत पडले. मग ती गाडी पुन्हा उभी करता येते का? आणि उभी केली, तर ती 'तीच' गाडी असते का?

उत्तर सोपं वाटतं, पण नाहीये. त्यासाठी आधी एक साधी फोड करून घेऊ. आपण 'गाडी' म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो. पहिली म्हणजे डबे, हाताला लागणारं लाकूड आणि लोखंड. दुसरी म्हणजे मार्ग आणि वेळ, कुठून सुटते, कधी पोचते, कोणासाठी धावते. तिसरी म्हणजे नाव. गाडी चालू असते तोवर या तिन्ही गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतात. गाडी मेली की तिन्ही वेगवेगळ्या दिशांना जातात. पुन्हा जुळवायला बसलं की लक्षात येतं, यातली एकच गोष्ट अशी आहे की जी एकदा गेली की गेली. ती कुठली, ते शेवटी तुम्हीच सांगाल.

ओरिएंट एक्सप्रेस: मेली कशी?

या विषयातलं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ओरिएंट एक्सप्रेस. अगाथा ख्रिस्तीची १९३४ सालची कादंबरी किंवा तिच्यावरचा सिनेमा, यातलं काहीतरी तुमच्यापर्यंत पोचलेलं असणार.

ही गाडी सुरू केली जॉर्ज नागेलमाकर्स या बेल्जियन माणसाने. त्याच्या कंपनीचं नाव वॅगाँ-ली, म्हणजे सरळ मराठीत 'शयनयान'. पहिली फेरी पॅरिसहून ४ ऑक्टोबर १८८३ ला निघाली. तेव्हा इस्तंबूलपर्यंत सलग रूळ नव्हते. प्रवासी मध्येच डॅन्यूब नदी ओलांडायचे, पलीकडे दुसरी गाडी पकडायचे आणि शेवटचा टप्पा बोटीने. सलग रूळ झाले १८८९ मध्ये. पुढे आल्प्समधला सिम्प्लॉन बोगदा तयार झाला आणि १९१९ पासून 'सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस' इटलीमार्गे धावू लागली. ख्रिस्तीच्या कादंबरीतली गाडी हीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र घसरण सुरू झाली. सीमांवरचे तपास वाढले, श्रीमंत मंडळी विमानाकडे वळली. १९६२ मध्ये तिच्या जागी 'डायरेक्ट ओरिएंट' नावाची संथ गाडी आली. शेवटी शेवटी तर पूर्ण प्रवासाला जेवणाचा डबाही उरला नव्हता. मे १९७७ मध्ये पॅरिस-इस्तंबूल थेट सेवेची शेवटची फेरी निघाली. नाव मात्र त्यानंतरही वेळापत्रकात लोंबकळत राहिलं. छोट्या मार्गावर 'ओरिएंट एक्सप्रेस' नावाची एक साधी रात्रीची गाडी २००९ पर्यंत चालू होती. म्हणजे दिमाख आधी गेला आणि नाव सगळ्यात शेवटी.

लिलावात दोन डबे

१९७७ मध्येच मॉन्टे कार्लोमध्ये वॅगाँ-लीच्या जुन्या डब्यांचा लिलाव झाला. तिथे जेम्स शेरवूड या उद्योजकाने दोन डबे घेतले. त्याचा मूळ धंदा मालवाहू कंटेनरचा. दोन डब्यांची गाडी होत नाही, म्हणून मग तो पुढची काही वर्षं युरोपभर डबे शोधत फिरला. कुठे रेल्वेच्या साईडिंगवर, कुठे संग्रहालयात, कुठे कोणाच्या खाजगी बागेत. असे पस्तीस डबे जमले. २५ मे १९८२ ला लंडनहून व्हेनिसला पहिली गाडी निघाली. नाव ठेवलं 'व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस'.

डबा 'जमला' म्हणजे काय, ते जरा बघू, कारण खरं काम तिथेच आहे.

एक, ओळख पटवणं. वॅगाँ-लीच्या प्रत्येक डब्याला क्रमांक असायचा आणि त्या क्रमांकावरून डब्याची कुंडली काढता येते. ३३०९ क्रमांकाचा डबा घ्या. १९२९ च्या हिवाळ्यात तुर्कस्तानात ही गाडी बर्फात अनेक दिवस अडकली होती, तेव्हा हा डबा तिच्यात होता. तो आजच्या गाडीतही आहे. क्रमांकाची पाटी हरवली असती, तर तो फक्त एक जुना निळा डबा राहिला असता.

दोन, आतलं काम. लाकडी तावदानं एकेक करून उतरवायची, त्यांवर आकडे टाकायचे, दुरुस्त करून जिथली तिथे बसवायची. या डब्यांत रने प्रूसारख्या कलाकारांनी केलेलं, वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे जडवून काढलेलं नक्षीकाम आहे आणि लालिकच्या काचा आहेत. असं काम करणारे हातच कमी उरलेत. सुतार शोधणं हे डबा शोधण्याइतकंच कठीण.

तीन, खालचं काम. इथे एक शब्द सरळ करून घेऊ. आपण मराठीत अख्ख्या डब्याला 'बोगी' म्हणतो. पण रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, बहुतेक वेळा चार चाकांची. डबा वर, बोग्या खाली. जुना डबा आजच्या रुळांवर आणायचा तर बोग्या, ब्रेक, वायरिंग आणि आगीपासूनची सुरक्षा हे सगळं आजच्या नियमात बसवावं लागतं. वरून १९२९ आणि खालून आजचं, असा प्रकार. प्रवाशाला दिसतं ते जुनं, त्याला सुखरूप पोचवतं ते नवं.

मग ही तीच गाडी का?

आता प्रामाणिक हिशोब मांडू.

डबे? खरे, शंभर टक्के जुने. पण ते एकाच गाडीचे नाहीत. यातले बरेच डबे तेव्हा वेगवेगळ्या गाड्यांना लागायचे. जेवणाच्या एका डब्याचं नाव आहे 'एतवाल द्यु नॉर'. ते मुळात पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या एका वेगळ्याच गाडीचं नाव. आणि जुन्या काळी ओरिएंट एक्सप्रेस अशी एकसारखी निळी, लांबलचक दिसायचीच असं नाही. वाटेत डबे सुटायचे, दुसरे जोडले जायचे, कोणता डबा अथेन्सला तर कोणता बुखारेस्टला. आजची देखणी निळी रांग ही एका अर्थाने आठवणीतल्या गाडीची मूर्ती आहे.

मार्ग? मुख्य फेरी व्हेनिसची. इस्तंबूलला ती वर्षात एखाद्या वेळी जाते. आणि सुरुवातीपासून एक अडचण होतीच. इंग्लंडमधले बोगदे आणि पूल युरोपच्या मानाने अरुंद, त्यामुळे युरोपातले डबे तिथे जात नाहीत. म्हणून सुरुवातीला लंडनहून वेगळ्या, ब्रिटिश पुलमन डब्यांनी समुद्रापर्यंत, मग बोट आणि पलीकडे निळी गाडी, असा प्रवास असायचा.

नाव? ते फ्रेंच रेल्वेच्या मालकीचं. शेरवूडच्या कंपनीने ते परवानगीने वापरलं. पुढे फ्रेंच रेल्वेने ते नाव अकोर या हॉटेल कंपनीला दिलं.

म्हणजे डबे एकाकडे, नाव दुसऱ्याकडे आणि मूळ मार्ग कोणाकडेच नाही.

यूट्यूब, गूगल मॅप आणि सतरा डबे

हा भाग खास तुमच्यासाठी, कारण यात हिरो मोबाईलसारखीच साधनं आहेत.

शेरवूडच्या आधीपासून अल्बर्ट ग्लाट नावाचा एक स्विस सहल आयोजकही जुने डबे जमवून गाडी चालवत होता. तिचं नाव 'नॉस्टॅल्जी इस्तंबूल ओरिएंट एक्सप्रेस'. १९८८ मध्ये या गाडीने जे केलं ते ऐकून माझा आधी विश्वासच बसला नाही. ती पॅरिसहून निघाली आणि टोकियोला पोचली!

हे झालं कसं, ते गेजवरून समजतं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. युरोपात १४३५ मिलिमीटर. सोव्हिएत संघात १५२०, म्हणून सीमेवर डबे उचलून खालच्या बोग्या बदलल्या. चीनमध्ये पुन्हा १४३५, पुन्हा बदल. हाँगकाँगहून जहाजाने जपान. तिथे गेज १०६७, म्हणजे आणखी एकदा बोग्या बदल. सप्टेंबरमध्ये निघालेली गाडी ऑक्टोबरमध्ये टोकियोला होती.

नंतर ही गाडी नजरेआड झाली. २०१५ मध्ये आर्थर मेतेताल हा फ्रेंच संशोधक फ्रेंच रेल्वेसाठी ओरिएंट एक्सप्रेसच्या वारशाचा अभ्यास करत होता. त्याला यूट्यूबवर कोणीतरी टाकलेला एक व्हिडिओ सापडला. त्यात निळे डबे, पांढरी छतं. जागा होती पोलंड-बेलारूस सीमेजवळचं मावाशेविचे. मग उपग्रहाच्या नकाशात शोधल्यावर साईडिंगवर पांढऱ्या छतांची रांग दिसली. तो तिथे प्रत्यक्ष गेला. डबे होते, आणि आतलं बरंचसं कामही शाबूत होतं. आणि ते अडकले होते कुठे? जिथे युरोपचं गेज संपतं आणि रशियाचं सुरू होतं, नेमक्या त्याच जागी.

पुढे अकोरने असे सतरा डबे विकत घेतले आणि मॅक्सिम दांजाक या वास्तुविशारदाकडे आतल्या रचनेचं काम दिलं. गाडी सुरू होण्याची जाहीर केलेली तारीख पुढे पुढे सरकत गेली. नव्वद-शंभर वर्षांचे डबे आजच्या नियमात बसवायला वेळ लागतो, हे वर बघितलंच आपण.

मला यात भावलं ते एवढंच. ज्या कोणी तो व्हिडिओ टाकला, त्याला बहुधा कल्पनाही नसेल. त्याने फक्त एक गंजत पडलेली गाडी दिसली म्हणून कॅमेरा चालू केला.

१९८२, आपल्याकडेही

योगायोग बघा. लंडन-व्हेनिस गाडी निघाली ते वर्ष १९८२. त्याच वर्षी, २६ जानेवारीला, आपल्याकडे राजस्थानात 'पॅलेस ऑन व्हील्स' सुरू झाली. कल्पना तीच. संस्थानिकांची जुनी सलून, म्हणजे राजेमहाराजांचे खाजगी डबे, पडून होते. ते जोडून पर्यटकांसाठी गाडी.

पण हे डबे होते मीटर गेजचे, एक मीटर अंतराच्या रुळांवरचे. पुढे देशभर मीटर गेज काढून ब्रॉड गेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर, टाकण्याचं काम सुरू झालं. डबे चांगले असूनही त्यांच्या पायाखालचा रस्ताच गेला. मग ब्रॉड गेजसाठी नवे डबे बांधून त्यांना जुना साज चढवला. आजची पॅलेस ऑन व्हील्स ही नवी गाडी आहे, जुन्या गाडीचे कपडे घातलेली. वाईट आहे असं मी म्हणत नाही. फक्त ओरिएंट एक्सप्रेसचं बरोब्बर उलटं आहे. तिथे डबे खरे आणि बाकीचं जुळवलेलं. इथे नाव आणि मार्ग टिकले, डबे गेले.

आणि आपली राणी

आता तुमच्या मनात जे नाव आलंय तेच. डेक्कन क्वीन.

१ जून १९३० ला ती सुरू झाली. सात-सात डब्यांचे दोन रेक. एक चंदेरी, लाल पट्ट्यांचा. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या, पण वरचे डबे बांधले गेले आपल्या माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये. सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसऱ्या वर्गाला या गाडीत जागा मिळाली ती १९५५ मध्ये. म्हणजे सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी सामान्य माणूस राणीत बसला.

ते मूळ रेक १९६६ मध्ये बदलले. त्यांच्या जागी पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले. हे बदलणं गरजेचं होतं, कारण नवे डबे 'अँटी-टेलिस्कोपिक' होते, म्हणजे धडक झाली तर एक डबा दुसऱ्यात घुसू नये अशा बांधणीचे. २०२२ मध्ये तेही जाऊन एलएचबी डबे आले. डायनिंग कार मात्र आहे, टेबलाशी बसून खिडकीतून घाट बघत खाता येतं.

आपल्या तीन गोष्टींच्या हिशोबात डेक्कन क्वीन कुठे बसते? नाव तेच. मार्ग तोच, सकाळी पुण्याहून मुंबई, संध्याकाळी परत. धावणं कायम. डबे मात्र पूर्णपणे वेगळे. आणि तरी रोज जाणाऱ्या माणसाला विचारलंत तर तो म्हणेल, ही तीच डेक्कन क्वीन. मला वाटतं तो बरोबर आहे. चालू असलेली गाडी डबे बदलूनही तीच राहते, कारण माणसं तिला जोडून ठेवतात. पण समजा उद्या कोणी ठरवलं, की १९३० ची चंदेरी डेक्कन क्वीन एक दिवसासाठी घाटात धावू दे. नाव आहे, मार्ग आहे, वर्कशॉपही आहे. पण तो डबा? त्याचा फोटो बघून प्रतिकृती करता येईल. मूळ डबा नाही करता येणार.

कंडम होतंय ते कोणाचं आहे?

आणि आता मुद्द्यावर येते. तुम्ही-मी लहानपणी ज्या निळ्या डब्यांतून मामाच्या गावाला गेलो, ते आयसीएफचे डबे. इंटिग्रल कोच फॅक्टरी, पेरांबूर. १९५५ मध्ये स्विस आराखड्यावर सुरुवात झाली आणि २०१८ मध्ये या प्रकारचा शेवटचा डबा बाहेर पडला. डब्याचं ठरलेलं आयुष्य पंचवीस वर्षं. म्हणजे अगदी शेवटचा डबाही २०४३ च्या आसपास निवृत्त होणार, आणि एलएचबी ज्या वेगाने येतायत ते बघता त्याआधीच. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. अपघातात एलएचबी डबे एकमेकांवर सहसा चढत नाहीत. त्यावर वादच नाही.

निवृत्त डब्यांचं होतं काय? काहींच्या खिडक्या-दारं बंद करून मोटारी वाहून नेणारे मालडबे करतात. काहींची हॉटेलं होतात. सीएसएमटीला २०२१ मध्ये असं एक सुरू झालं. बाकीचे कटरखाली.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलात तर म्हैसूरच्या महाराजांचं सलून दिसेल, प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ साली बांधलेलं सलून दिसेल. ओरिएंट एक्सप्रेसचे डबे वाचले ते नक्षीकामामुळे आणि लालिकच्या काचांमुळे. राजाचा डबा जपला जातो. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकाचं काय? हिरव्या रेक्झिनच्या स्लीपर बर्थचं, खिडकीच्या त्या आडव्या गजांचं, बर्थच्या साखळीचं, 'आपली मदत आपणच करा' थाटाच्या त्या जड शटरचं काय? कोट्यवधी माणसं त्यातून गेली, म्हणूनच ते कोणाला मौल्यवान वाटत नाही.

ब्रिटनमध्ये हौशी मंडळींनी चालवलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर तुम्हाला सगळ्यात जास्त काय दिसतं? मार्क वन नावाचे डबे. १९५० च्या दशकातले, अगदी साधे, रोजच्या प्रवाशांचे. ते भंगारात जात होते तेव्हा लोकांनी वर्गणी काढून घेतले. म्हणून आज तिथल्या शाळेतल्या पोराला आजोबांचा प्रवास बसून बघता येतो.

तर सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर तुम्हाला मिळालं असेलच. नाव पुन्हा देता येतं. मार्ग आणि वेळ पुन्हा आखता येतात. डबा पुन्हा मिळत नाही. आणि डबा वाचवायची वेळ त्याला किंमत यायच्या आधीची असते, तो नुसता जुनाट दिसत असतो तेव्हाची.

मोबाईल आहे ना हातात?

डबा विकत घ्या असं मी सांगत नाहीये. दोन साध्या गोष्टी सांगते.

पहिली, डब्याचा क्रमांक वाचायला शिका. डब्याच्या बाजूला पाच-सहा आकडी क्रमांक असतो. सर्वसाधारणपणे पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष, शेवटचे तीन आकडे प्रकार. २०० ते ३९९ म्हणजे स्लीपर, ४०० ते ५९९ म्हणजे जनरल. '०५२३४' दिसलं तर २००५ चा स्लीपर. ३३०९ ची गोष्ट आठवा. क्रमांक होता म्हणून इतिहास राहिला.

दुसरी, आयसीएफच्या डब्यात बसलात तर आतल्या बारीकसारीक गोष्टींचे फोटो काढा. कडी, पंखा, पाटी, खिडकी. क्रमांक, तारीख आणि गाडीचं नाव लिहून विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या ठिकाणी टाका. मात्र यार्डात किंवा रुळांवर उतरायचं नाही हं. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. फलाटावरून आणि डब्यातून मिळतं तेवढं पुष्कळ आहे.

तुमच्या घरी एसटी स्टँडपर्यंत जाणारी मीटर गेज किंवा नॅरो गेज गाडी आठवणारं कोणी असेल, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा. काका, आजी, कोणीही. चांगल्या आठवणींचा एक वेगळा भाग करू. भेटूच पुढच्या आठवड्यात. तोवर, गाडीत जागा मिळो, खिडकीची मिळो!